पाठमोरी

डबा खाता खाता मोहिनीला कळलं की आपण मेलो आहोत. तीस वर्षांपूर्वी, तापीत बुडून.

नंदुरबारच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली ती दुपारची निवांत वेळ होती. मुलं पेपर देऊन गेली होती आणि मासिकांच्या खोलीतला पंखा एकटाच फिरत होता. समोर हेमकांतभाऊ, ग्रंथालयातले क्लार्क, मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून जेवत होते. जेवताना त्यांना काहीतरी बघायला लागायचंच. कधी मॅच, कधी विहिरीतून बिबट्या काढताना. आज एका बाईचा आवाज येत होता. ‘तापीपल्याड’ या गाजलेल्या रहस्यमालिकेबद्दल तुम्हाला माहीत नसलेल्या दहा गोष्टी. मोहिनीचा हात भाकरीवर थांबला, पण तिनं मान वर केली नाही. बाई भराभर सांगत होती. मालिकेतलं धुकं ओला भुसा जाळून केलेलं होतं. घुबडाचा आवाज मेकअपमननं काढला होता. प्रत्येक भागात मागे ऐकू येणारे हृदयाचे ठोके एका खास वाद्यावर वाजवले होते. आणि गोष्ट क्रमांक सात: ताराची भूमिका करणारी मुलगी शूटिंगच्या शेवटच्या दिवशी नदीत बुडाली, तिच्या हट्टी जमीनदार बापानं प्रकरण दाबलं, म्हणून तारा शेवटपर्यंत सापडत नाही. “अरेरे,” हेमकांतभाऊ भेंडी चघळत म्हणाले. मग त्यांना आठवलं. “मॅडम, तुमचं माहेर त्याच बाजूचं ना, तापीकाठचं? हाई खरं शे का?”

“माहीत नाही,” मोहिनी म्हणाली.

नंतर दिवसभर तिला त्या दोन शब्दांचंच आश्चर्य वाटत राहिलं. मेल्याचं नाही. ‘माहीत नाही’ हे तोंडातून इतकं सहज कसं निघालं याचं. ती पुस्तकांच्या मांडणीत फिरत होती, परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होती, आणि आत कुणीतरी शांतपणे म्हणत होतं की हे सोयीचंच झालं. मेलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही. घरी यजमानांना सांगावं आणि हसावं, असं तिनं ठरवलं होतं. पण रिक्षा सिंधी कॉलनीच्या वळणावर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की सांगता येणार नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मालिका पुन्हा दाखवत होते तेव्हा, शेवटच्या भागातली ती पाठमोरी मुलगी हळूहळू पाण्यात शिरत जाताना बघून यजमान म्हणाले होते, “कमाल आहे तुझी. इतक्या थंडीत?” आणि ती नुसती हसली होती. त्या हसण्याला आता तेवीस वर्षं झाली होती. तिच्या मुलीनं शाळेच्या निबंधात लिहिलं होतं की माझी आई नदीला घाबरत नाही.

खोटंही सगळं नव्हतंच. पहिल्या नऊ भागांतली तारा तीच होती. मोहिनी तेरा वर्षांची असताना, हरभऱ्याला घाटे धरायच्या दिवसांत, पुण्याहून दोन गाड्या त्यांच्या भोणखेड्याला आल्या आणि वडिलांच्या खळ्यात उभ्या राहिल्या. दिग्दर्शक भामरे सर मूळचे शहाद्याकडचे. त्यांना केळीची बाग, नदी आणि एक घर हवं होतं, आणि गिरधर पाटलांकडे तिन्ही होतं. वडील तसे कडक. पण भामरे सर त्यांच्याशी अहिराणीत बोलले आणि काम झालं. तारासाठी मुंबईची मुलगी येणार होती. ती आलीच नाही, आजारी पडली. भामरे सर ओट्यावर चहा पीत होते. मोहिनी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. ते म्हणाले, “हिची पापणी लवत नाही.” बस, एवढ्यावर ती तारा झाली. तिला कामही सोपं होतं. गावात सर्व्हेला आलेल्या एका इंजिनियरला ही मुलगी दर भागात एक वाक्य सांगते आणि ते खरं होतं: बैल परत येणार नाही, त्या खोलीचं दार आतून लावलंय. मोहिनीनं ती वाक्यं शाळेत कविता म्हणतात तशी म्हटली आणि भामरे सरांनी तिला तसंच म्हणू दिलं. पुढे लोक लिहीत राहिले की त्या मुलीचा सपाट आवाज हा मालिकेचा आत्मा होता. सपाट आवाज कुठला. तिला ओरडा बसू नये एवढंच वाटत होतं. आणि ते हृदयाचे ठोके म्हणजे वडिलांचं डिझेल इंजिन होतं. केळीला पाणी देणं थांबवणार नाही म्हणून वडिलांनी ते बंदच केलं नाही, आणि साउंडवाला रोज कपाळाला हात लावायचा. अंथरुणावर पडल्यावरही ती धडधड तिच्या कानात असायची. अजूनही कुठं डिझेल इंजिन ऐकलं की तिच्या मनात एक वाक्य तयार होतं, आणि कुणाला ते सांगायची इच्छा होते.

चाळीस दिवस तसे गेले. ते दिवस मोहिनीला आठवतात ते चित्रांसारखे नाहीत. ते अंगावर आठवतात. निळ्या फ्रॉकची कडक कॉलर. मेकअपमनच्या बोटांना येणारा तंबाखूचा वास. लाइटच्या उष्णतेनं तापलेला एक गाल आणि गार पडलेला दुसरा. त्या दिवसांत घरात तिला कुणी भांडी घासायला सांगितलं नाही, वडीलसुद्धा तिच्याशी जरा हळू बोलत. मग नदीचा सीन आला. तारा पाण्यात जाते, इंजिनियर काठावरून हाका मारतो, आणि तेराव्या भागात ती नावाड्याच्या झोपडीत सापडते आणि सगळा उलगडा सांगते, असं लिहिलेलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी तालीम झाली. तेव्हा तापीवर बॅरेज नव्हतं. हिवाळ्यात नदी वाहती असायची, मधे वाळूची बेटं आणि कडेला अचानक खोल. मोहिनी गुडघ्यापर्यंत गेली. पुढचं पाऊल टाकलं तेव्हा तळव्याखालची वाळू हळूच निघून गेली. झटका नव्हता, काही नव्हतं. जशी पाठीमागून कुणी सतरंजी काढून घ्यावी, तेवढंच. ती लगेच मागे आली. भामरे सर म्हणाले, “छान. उद्या कमरेपर्यंत.” तिनं मान हलवली.

पहाटे आई चुलीपाशी होती. मोहिनी तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “माय, माले पानीमा नही जानं.” आईनं, कमलबाईनं, तिच्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, उठून ओसरीवर गेली. आतून मोहिनीला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही, नुसते आवाज. मग वडील आत आले. मोहिनीला वाटलं आता रागावतील, एवढी माणसं खोळंबली आहेत. ते तिच्यासमोर उकिडवे बसले, तसे ते कधी बसत नसत. म्हणाले, “तू काही बोलू नको. मी सांगी देस त्यासले.” आणि बाहेर खळ्यात जाऊन त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात सांगितलं की आमची मुलगी आजपासून शूटिंगला येणार नाही, समाजात नावं ठेवायला लागलेत लोक, उद्या तिचं लग्न व्हायचंय, ओल्या कपड्यात ती कुणाला दिसणार नाही. एक शब्द खरा नव्हता. समाजातलं कुणी काही बोललं नव्हतं. भामरे सर हात जोडत होते. त्यांचा तरुण असिस्टंट नवनीत चिडून म्हणाला की अशा बापांमुळेच पोरींचं वाटोळं होतं. वडिलांनी ते ऐकून घेतलं. मोहिनी खिडकीच्या आत, कडप्प्यावर गाल टेकून उभी होती, आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की तिला त्याची लाज वाटली.

पण तिथं ते संपलं नाही. ती जी गोष्ट कुणालाच सांगत नसे, ती यानंतरची होती. भामरे सर म्हणाले, निदान एक पाठमोरा शॉट तरी द्या, नाहीतर मी संपलो.  वडिलांनी गोठ्याकडे बघून हाक मारली. “बाज्या! तुन्ही पोरले लई ये. फराक घालीसन नुसती पाठ दखाडनी शे.” बाज्या त्यांचा सालदार. मोलगीच्या वरच्या पाड्यावरून आलेला, वर्षाच्या बोलीवर राहिलेला, बायको आणि मुलगी घेऊन गोठ्यामागच्या खोलीत राहणारा. त्याची रोशनी बारा वर्षांची होती. मोहिनीच्याच उंचीची, बारीक. बाज्यानं एकदा नदीकडे बघितलं आणि ‘हो’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? थोड्या वेळानं आईनं आत येऊन निळा फ्रॉक नेला. तो मोहिनीच्या अंगावरच होता. तिनंच तो काढून दिला. त्यानंतर ती माळ्यावर जाऊन बसली. नदीकडून हाका ऐकू येत होत्या, तारा, ताराऽ, आणि त्यांना उत्तर नव्हतं. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. इंजिनाची धडधड मात्र हातांमधूनही येत राहिली. रोशनीला नंतर चार दिवस ताप होता, हे तिला आईच्या बोलण्यातून कळलं. ती बघायला गेली नाही. पुढच्या अक्षय्य तृतीयेला बाज्याचं साल संपलं आणि तो बायकामुलीसह निघून गेला.

तारा सापडली नाही ती अशी. उलगडा सांगणारं कुणी उरलं नाही. भामरे सरांनी शेवटचे चार भाग तिच्याशिवाय कसेबसे जुळवले. प्रसारण झालं तेव्हा लोक चिडले, पत्रं आली, भामरे सरांना पुन्हा मोठं काम मिळालं नाही असं कुणीतरी वडिलांना सांगितलं. कितीतरी वर्षं मोहिनीला वाटत असे की एका माणसाचं आयुष्य आपण बुडवलं. मग कुठूनतरी वारं फिरलं. नवीन मुलं ती मालिका मोबाइलवर बघायला लागली आणि म्हणायला लागली की उलगडा न करणं हेच थोर आहे, काळाच्या पुढचं आहे. भामरे सर तोवर गेले होते. तिचे वडीलही. दोघांनीही मरेपर्यंत खरं सांगितलं नाही. एकाला ठाऊक नव्हतं आणि दुसऱ्यानं ते आपल्या अंगावर घेतलं होतं. आणि आता ती बाई तीन सेकंदांत म्हणून गेली होती, हट्टी जमीनदार बाप.

हेच सलत होतं हे मोहिनीला चौथ्या दिवशी समजलं. मरण चालण्यासारखं होतं. बाप नाही. दुपारी ग्रंथालयात कुणी नसताना तिनं तो व्हिडिओ शोधला आणि खाली लिहिलं: ‘ती मुलगी जिवंत आहे. तिच्या वडिलांची काही चूक नव्हती.’ नाव लिहिलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याखाली साठ लोकांनी तिला वेड्यात काढलं होतं. एकानं लिहिलं होतं, माझे काका अंत्ययात्रेला होते. पण रुचिका नावाच्या एका मुलीनं वेगळा निरोप पाठवला होता. ती पुण्यात राहते, ‘तापीपल्याड’वर पॉडकास्ट करते, नवनीत सरांना भेटली आहे, त्यांच्याकडच्या मूळ टेप तिनं स्वच्छ करून घेतल्या आहेत. ‘तुम्ही मोहिनी गिरधर पाटील आहात का?’ लग्नानंतर हे नाव कुणी असं सलग लिहिलं नव्हतं. मोहिनी बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मग तिनं लिहिलं, हो.

रुचिका आली ती फेब्रुवारीतल्या एका रविवारी, पुण्याहून रात्रीच्या गाडीनं, पाठीवर केवढी मोठी बॅग. सव्वीस-सत्तावीसची असेल. स्टँडवर ती मोहिनीच्या पाया पडायला वाकली आणि मोहिनी दचकून मागे सरली. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या, मैलभर लाल, आणि जीपमध्ये दोघींना ठसका लागला तेव्हा कुठं त्या जरा मोकळ्या झाल्या. भोणखेड्याला आता भाऊ असतो. घर सगळं नव्यानं बांधलंय, खळ्यात पेव्हर ब्लॉक आहेत. रुचिका तरीही प्रत्येक कोपऱ्याशी थांबत होती. इथं बैल मेला. इथून इंजिनियर आला. तिला घरातल्या माणसांपेक्षा घर जास्त ठाऊक होतं. नदीवर गेल्या तर नदी ओळखू येत नव्हती. बॅरेजचं पाणी काठापर्यंत तुंबून उभं होतं, रुंद, न हलणारं, आणि वाळूची बेटं खाली कुठंतरी होती. रुचिकानं माइक तिच्या साडीला लावला. “ताई, तुम्हाला आवडेल तिथून सांगा. त्या शेवटच्या शॉटपासून सुरू करायचं का? मी तो किमान दोनशे वेळा बघितलाय. तुमची ती पाठ. माझ्या पाठीवर मी त्याचा टॅटू काढणार होते, आईनं नाही म्हटलं.”

मोहिनी हसली. तेवीस वर्षांपूर्वी हसली होती तसंच हसू ते होतं. ओठांना ते ओळखीचं होतं, आपोआप आलं. समोरचं पाणी स्थिर होतं. तिला वाटलं, आता सांगितलं नाही तर पुढे कधीच सांगता येणार नाही, आणि त्यानं कुणाचंही काही बिघडणार नाही. ही मुलगी आनंदानं परत जाईल. वडिलांबद्दल चार चांगले शब्द सांगता येतील, ते तेवढे खरे असतील. मग तिच्या मनात आलं की नंदुरबारच्या स्टँडवर, सात वर्षांपूर्वी, कुणीतरी मागून ‘मोहिनीताई’ म्हणून हाक मारली होती. तिनं वळून बघितलं तर हिरव्या साडीतली एक बाई गर्दीतून हात हलवत होती. तिनं लगेच ओळखलं होतं. आणि मोबाइल कानाला लावून, कुणीच नसलेल्या फोनशी बोलत, ती बसमध्ये चढली होती. नंतर भावाकडून कळलं की रोशनी धानोऱ्याला असते, अंगणवाडी सेविका आहे.

“ती मी नाही,” मोहिनी म्हणाली.

रुचिकाला वाटलं ती काही खोल बोलते आहे. ती मान हलवत राहिली. तेव्हा मोहिनीला सगळं सरळ सांगावं लागलं, क्रमानं, शाळेत सांगतात तसं: वाळू निघून गेली, आईला सांगितलं, वडील खळ्यात खोटं बोलले, बाज्याला हाक मारली, फ्रॉक काढून दिला. सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. एवढंच होतं ते.  रुचिकाच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरताना मोहिनीला दिसलं, आणि त्याचं तिला वाईट वाटलं, जसं लहान मुलाच्या हातातलं घेताना वाटतं. “म्हणजे तुमचे वडील,” रुचिका हळू म्हणाली, “तुमच्यासाठी खोटं बोलले. आणि दुसऱ्याच्या मुलीला पाठवलं.”

“हो,” मोहिनी म्हणाली. “दोन्ही.”

हे तिनं याआधी कधी एका वाक्यात ठेवलं नव्हतं. परत जीपपर्यंत चालताना तिला जाणवलं की वडिलांवरची तिची माया कमी झाली नव्हती, पण त्यांच्याशेजारी आता अजून कुणीतरी उभं होतं.

धानोऱ्याला दुसऱ्या दिवशी गेल्या. मोहिनीनं रजा टाकली होती. अंगणवाडीची खोली रस्त्यालगतच होती, भिंतीवर फळं आणि प्राणी रंगवलेले, बाहेर वीस-पंचवीस छोट्या चपला. मदतनीस बाई खिचडी ढवळत होती. रोशनी मुलांना वजनकाट्यावर उभं करत होती. तिनं दाराकडे बघितलं, आणि मोहिनीला वाटलं ती आता मान फिरवील, तिचा हक्कच आहे. पण ती काट्यावरच्या मुलाला उचलून कडेवर घेत पुढे आली. “ताई! तू? कितला साल व्हयी गयात. या, बठा. चहा मांडू का?” तिच्या केसांत पांढरं आलं होतं. मोहिनीपेक्षा ती आता उंच वाटत होती. स्टँडवरचं काही ती बोलली नाही. कदाचित तिला वाटलं असेल ताईला ऐकूच गेलं नाही. मोहिनी लहान मुलांच्या सतरंजीवर बसली.

रुचिकानं ओळख सांगितली, लॅपटॉप काढला. रोशनीनं ती मालिका कधी बघितली नव्हती. त्यांच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता, आणि नंतर लक्षात राहिलं नाही. “माझी नुसती पाठच घेतली होती ना,” ती रुचिकाशी शाळेच्या मराठीत म्हणाली, “त्यात काय बघायचं?” रुचिकानं शॉट लावला. मोहिनी तो शॉट जेव्हा जेव्हा बघे, तेव्हा तिची नजर फक्त त्या मुलीवर असायची. खांदे माझ्यासारखे दिसतात का, वेणी पटते का, कुणाला शंका येईल का. आजही तसंच झालं. निळा फ्रॉक पाण्यात शिरला, कडा फुगून वर आली, मुलगी थांबली, तिनं मान किंचित डावीकडे वळवली, पुन्हा पुढे गेली. रुचिका सांगत होती की हे मान वळवणं फार प्रसिद्ध आहे, त्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. आणि अजून एक. जुन्या टीव्हीच्या संचात चित्राच्या कडा कापल्या जायच्या; मूळ टेपमध्ये आहे तेवढं कधी कुणाला दिसलंच नव्हतं. तिनं टेप स्वच्छ केल्यावर डाव्या कडेला एक माणूस दिसायला लागला. “हा बघा. झाडीच्या सावलीत, पाण्यात उभा आहे. मी हे टाकल्यापासून नुसता गोंधळ चाललाय. कुणी म्हणतं हाच खुनी. कुणी म्हणतं मृत्यू. नवनीत सर म्हणाले, कुणीतरी फ्रेममध्ये घुसलं होतं, ऊन संपलं, टेपही संपली, टीव्हीवर दिसणार नाही म्हणून ठेवून दिलं. कोण ते त्यांना आठवत नाही.”

मोहिनी वाकली. काळसर, डोक्याला फडकं, गुडघ्यांच्या वर धोतर खोचलेलं, दोन्ही हात अंगापासून जरा लांब. धरायला तयार असल्यासारखे.

“हाऊ बा शे,” रोशनी म्हणाली.

खोलीत मुलांचा कलकलाट चालू होता. रोशनीनं कडेवरच्या मुलाला खाली ठेवलं, आणि पडद्याच्या इतकी जवळ आली की तिचा श्वास काचेवर उमटला. “पुन्हा दाखवा.” रुचिकानं पुन्हा दाखवलं. “त्याला बांधाच्या मागे थांबवलं होतं. तो करंजाच्या झाडीतून खाली आला. मला आधीच सांगून ठेवलं होतं, डाव्या बाजूला बघत जा म्हणून. मी बघितलं तर होता.” ती हसली. मग एकदम गंभीर होऊन तिनं विचारलं, “याचा फोटो निघेल का? बाचा एकही फोटो नाही आमच्याकडे. आधार कार्ड निघायच्या आधीच गेला तो. माझ्या पोरांनी आजा बघितलाच नाही.” रुचिका ‘हो हो’ म्हणत राहिली. तिनं ते चित्र तिथंच थांबवलं, मोठं केलं. मोठं केल्यावर तोंड फुटत होतं, नुसते चौकोन उरत होते. लहान ठेवलं तेव्हाच माणूस दिसत होता. रोशनी म्हणाली, राहू दे, लहानच बरं आहे.

मोहिनीला बोलायचं होतं, आणि तिला कळलं की हे मराठीत बोलता येणार नाही. ती ज्या भाषेत भ्यायली होती त्याच भाषेत सांगावं लागेल. “रोशनी, मन्हा बा तवय खोटं बोलना व्हता. माले कोनी आडावं नव्हतं. मी भ्यायी गयी व्हती. म्हनीसन तुले धाडं.”

“माले माहीत शे,” रोशनी म्हणाली. “बानी सांगं व्हतं. मोहिनीताई भ्यायी गयी, तू जाय.”

तिनं हे अगदी साधं म्हटलं. तीस वर्षं ही गोष्ट दुसऱ्या एका घरात उघडी पडून होती, तिथं ती कुणालाच लपवावीशी वाटली नव्हती. आणि कुणाला सांगावीशीही वाटली नव्हती. मोहिनीनं सतरंजीवरचा एक दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. “तुले भेव नही वाटनं का?”

“वाटनं ना!” रोशनी तिच्याकडे बघून म्हणाली, जणू हे काय विचारणं झालं. “पाय ठेव तं रेतीच निंघी जाये.” मग तिची नजर पुन्हा त्या थांबलेल्या चित्राकडे गेली. “पन बा व्हता ना तठे.”

मदतनीस बाईनं खिचडीचं पातेलं आत आणलं आणि मुलं ताटल्या घेऊन ओळीनं बसायला लागली. रोशनी उठली, पदर खोचला. रुचिकानं मधेच तिला थांबवलं. नव्या प्रतीत शेवटी नावं घालायची आहेत, ती म्हणाली, आजवर तिथं नावच नव्हतं. तुमचं काय लिहू? सासरचं आडनाव काय?

“सासरचं नको,” रोशनी डाव हातात घेत म्हणाली. “रोशनी बाज्या वसावे लिहा. आणि बाचं खाली वेगळं लिहा, पूर्ण. तोही होता ना त्यात.”

रुचिका वही शोधत होती. मोहिनीनं तिच्या हातातून पेन घेतलं आणि दोन्ही नावं स्वतः लिहिली, ग्रंथालयाच्या रजिस्टरात लिहिते तशी, सावकाश, एकाखाली एक.